नमुना देण्याआधी कागद करा

भिवंडी-मालेगावच्या लूमवाल्याकडे मोठी पार्टी येते आणि म्हणते, "नवे कापड मिळून तयार करू. सूत आमचे, मेहनत तुमची." मीही एकदा अशाच भरवशावर राहिलो. तीन महिने रीड-पीक जुळवून नमुना उतरवला, सगळा हिशोब लिहून दिला. ऑर्डर मात्र दुसऱ्याच लूमवर गेली. बोलणे तोंडी होते, दाद कुठे मागणार?

मोठ्या पार्टीला दहा लूमवाले मिळतात, आपल्याला मोठी पार्टी एकच. म्हणून काळजी आपणच घ्यावी. आधी करार लिहावा: खर्च कोणाचा, डिझाइन कोणाचे, माल दुसरीकडे विणला तर भरपाई किती. पैसे टप्प्याटप्प्याने घ्यावेत. दिलेल्या प्रत्येक चिंधीची सहीची पोच ठेवावी. चिंधी उसवून ताणा-बाणा मोजता येतो; रंगाचे माप सहजी निघत नाही, ते शेवटी द्यावे.

डिझाइन कायदा, २००० प्रमाणे नव्या नक्षीची नोंदणी होते. हक्क १० वर्षांचा, पुढे ५ वर्षे वाढवता येतो. मात्र कापड बाजारात येण्याआधी अर्ज हवा. हा हक्क दिसणाऱ्या नक्षीचा आहे, विणण्याच्या पद्धतीचा नाही.

कागद मागताच पार्टी उठून गेली, तर चहाचा खर्च गेला समजा. माझे तीन महिने गेले होते.