आज्ञेचे घटक आणि त्यांचें वर्णन

ओझरचा विघ्नेश्वर ज्या जुन्नर तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकीं १४ मध्यभागीं, उरलेल्या १६ तीन बाहूंवर दूरवर विखुरलेल्या. असा पसारा हातानें फिरवितां येत नाहीं. संगणकामार्फत आज्ञा द्यावी लागते, आणि आज्ञेबरोबर दिशेचे आंकडेही. अशा आज्ञेला फंक्शन व तिला पुरविलेल्या घटकांना आर्ग्युमेंट म्हणतात.

आतां विषुवांश तासांतही सांगतात व अंशांतही; एक तास म्हणजे १५ अंश. अशा एखाद्या आज्ञेच्या वर्णनांत एकक लिहावयाचें राहिलें, तर ५ हा आंकडा तास समजावा कीं अंश? तबकडी तक्रार न करतां वळेल. मात्र विषुवांशांत ७० अंशांचा फरक पडेल. हा धोका केवळ कल्पनेंतला नव्हे. १९९९ सालीं मंगळाकडे गेलेलें अमेरिकेचें एक यान नष्ट झालें, तें एका संगणक-प्रणालीनें आंकडे पौंडांच्या मापांत दिले व दुसरीनें ते न्यूटनच्या मापांत समजले म्हणून.

प्रोग्रामांत शिरलेली चूक हुडकण्याचें साधन म्हणजे डीबगर. तो चालता प्रोग्राम मधेंच थांबवून त्याच्या पोटांत काय चाललें आहे तें दाखवितो. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८६ सालीं सुरू केलेला जीडीबी हा त्यांतला प्रसिद्ध. २००९ सालच्या ७.० आवृत्तीपासून त्याला पायथन भाषेंतून आज्ञा देतां येतात. त्यांतील 'लुकअप-सिम्बल' हें फंक्शन नांवावरून प्रोग्रामांतील चिन्ह शोधतें. त्याचीं आर्ग्युमेंटें तीन: नांव, शोधाचें क्षेत्र आणि चिन्हाचा वर्ग. पहिलें आवश्यक, पुढचीं दोन ऐच्छिक.

परंतु 'ऐच्छिक' एवढ्या शब्दानें भागत नाहीं. क्षेत्र न दिल्यास प्रोग्राम जेथें थांबला असेल तेथील क्षेत्र धरलें जातें. म्हणून एकच ओळ एका थांब्यावर एक उत्तर देईल, दुसऱ्यावर दुसरें. प्रोग्राम सुरूच झाला नसेल, तर उत्तराऐवजीं त्रुटि उभी राहते. शिवाय उत्तर एकटें येत नाहीं, जोडीनें येतें: पहिलें सांपडलेलें चिन्ह, अथवा न सांपडल्यास 'नन' हें शून्यमूल्य, दुसरें, तें नांव चालू वस्तूचा घटक आहे काय याचा निर्वाळा. ज्याला हें ठाऊक नाहीं तो जोडी रिकामी आहे काय एवढेंच पाहील. जोडी तर कधींच रिकामी नसते! न सांपडलेलें चिन्हही सांपडलें असें त्याला वाटेल, आणि दोष शोधावयास निघालेला मनुष्य स्वतःच नवा दोष घडवील.

म्हणून चांगल्या वर्णनांत प्रत्येक आर्ग्युमेंटाचा क्रम, प्रकार, एकक आणि तें गाळल्यास काय धरलें जाईल हें सांगितलेलें असावें. शेवटीं, अपयश आल्यास काय परत येईल हेंही. पाककृतींतील 'मीठ चवीपुरतें' हे शब्द सुगरणीला पुरतात, कारण तिची जीभ उरलेलें सांगते. यंत्राला जीभ नाहीं. आणि परक्या गांवीं बसून तें वर्णन वाचणाऱ्या नवशिक्याला विचारावयास लेखक जवळ नसतो. त्याच्यापाशीं असतें तें फक्त वर्णन.