घट बसलेत आणि डोंगरावर?

“देवीला नमस्कार काय, खालूनही पोचतो! घरात घट बसलेत आणि पोरं टाकून एवढ्या डोंगरावर कशाला?”

गेल्या नवरात्रात आमच्या बचत गटाने कळसूबाईला जायचं ठरवलं, तेव्हा सासूबाई असं म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. धाकट्याची सहामाही तोंडावर आलेली, आणि माझे गुडघे तर घरातला जिना चढतानाच कुरकुरतात. मी गप्प बसले. पण रात्री ओटा आवरताना जुन्को ताबेई आठवली. हाच प्रश्न तिलाही विचारला गेला होता!

मैत्रिणींनो, एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारी जगातली पहिली बाई ती. जन्म १९३९ चा, जपानमधल्या फुकुशिमा भागातल्या मिहारू गावचा. सात भावंडांतली, तब्येतीने नाजूक मुलगी. दहा वर्षांची असताना शाळेच्या सहलीत नासू डोंगर चढली आणि डोंगराच्या प्रेमातच पडली. पुढे इंग्रजी साहित्य शिकली, नोकरी केली, गिर्यारोहक मसानोबूशी लग्न केलं. पुरुषांच्या क्लबात काहीजण बायकांबरोबर चढायला नाखूश असत. मग १९६९ मध्ये तिने बायकांचाच क्लब काढला.

एव्हरेस्टसाठी पंधरा जणींचा गट तयार झाला, पण पैसे कोण देणार? मदत मागायला गेलं की बायकांनी पोरं सांभाळावीत असा सल्ला मिळे. अखेर एका वर्तमानपत्राने आणि दूरचित्रवाणी वाहिनीने हात दिला. तरी प्रत्येकीला पदरचे बरेच घालावे लागले. जुन्कोने पियानोच्या शिकवण्या घेतल्या. गाडीच्या सीटच्या जुन्या कव्हरांतून पाणी न शिरणारे हातमोजे शिवले. आपण जुन्या साडीची गोधडी शिवतो ना, तसंच की हे!

घरी लहानगी लेक होती. तिला नवऱ्याने सांभाळलं. ४ मे १९७५ ला तळावर हिमकडा कोसळला. जुन्को बर्फाखाली गाडली गेली, बेशुद्ध पडली. शेर्पांनी तिला ओढून बाहेर काढलं. अंग ठेचलेलं, नीट चालताही येईना. आणि बाराच दिवसांनी, १६ मे रोजी, आंग त्सेरिंग शेर्पाबरोबर ती शिखरावर पोचली!

पण मला तिचं खरं कौतुक वाटतं ते त्यानंतरचं. १९७८ मध्ये मुलगा झाला. संसार केला, डोंगरही केले. १९९२ मध्ये सातही खंडांतली सर्वोच्च शिखरं गाठणारी ती पहिली महिला ठरली. मग साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यापीठात जाऊन बसली. अभ्यासाचा विषय काय, तर एव्हरेस्टवर साचणारा कचरा! २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर आपद्ग्रस्त भागातल्या शाळकरी मुलांना ती फुजी पर्वतावर नेऊ लागली. २०१२ मध्ये कॅन्सर निघाला, तरी थांबली नाही. २०१६ च्या जुलैमध्येही मुलांबरोबर फुजीच्या वाटेवर होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी.

तर, मी गेले. ह्यांनी मुलांचे डबे केले, घटाला माळ सासूबाईंनीच घातली. बारी गावातून पहाटे चढायला लागलो. कळसूबाई १६४६ मीटर, आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. दुसऱ्या लोखंडी शिडीपाशी पाय लटपटले. मी मटकन खाली बसले, म्हटलं, “तुम्ही व्हा पुढं.” गटातली भाजी विकणारी मैत्रीण म्हणाली, “डोक्यावर पाटी नाही आज, तुझा हात धरते.” आणि धरलाही, पार देवळापर्यंत.

रात्री घरी आले तेव्हा पाय उचलवत नव्हते. सासूबाईंनी प्रसाद कपाळाला लावला. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने गरम पाण्याची पिशवी माझ्या गुडघ्यावर ठेवून हळूच विचारलं, “वरून दिसतं काय गं?”

पंचाहत्तर वर्षांत त्यांना कुणी डोंगरावर नेलंच नव्हतं. आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, त्या मला अडवतायत!

पुढच्या रविवारी त्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर नेलं. बसत, उठत, तासभर लागला. तुमच्याही गावाला एखादी टेकडी असेलच ना? एकटीने जाऊ नका, घरातल्या म्हातारीलाही बरोबर घ्या.