खात्याचे दार आणि दारावरची पाटी

आज आपल्या कारोबाराला दुकानाच्या दाराखेरीज आणखी चार-पाच दारे झाली आहेत: जीएसटी, ई-वे बिल, प्राप्तिकर, उद्यम नोंदणी आणि बँक. प्रत्येक दारावर 'लॉग-इन' किंवा 'साइन इन' अशी पाटी असते, पण आत जाण्यासाठी मागितले जाते ते प्रत्येक ठिकाणी निराळे. विट्याचा यंत्रमागवाला असो, साताऱ्याचा कापड दुकानदार असो की मिरजेचा सतार कारागीर, पासवर्ड विसरण्यापेक्षा 'नेमके काय मागितले आहे' हे न कळल्यामुळेच तो जास्त अडतो.

जीएसटीचेच पाहा. पहिल्या प्रवेशाला जीएसटी क्रमांक आणि तात्पुरता पासवर्ड लागतो. पुढे मात्र आपण स्वतः ठरवलेले नाव लागते. अनेक जण नंतरही क्रमांकच टाकत बसतात. ई-वे बिलासाठी त्याच जीएसटी क्रमांकावर वेगळे नाव नोंदवावे लागते. प्राप्तिकरात पॅन हीच ओळख. उद्यम नोंदणी आधार क्रमांक आणि ओटीपीवर होते.

ही केवळ गैरसोय नव्हे. सांगलीहून बेळगावला ५० हजारांवरचा करपात्र माल ई-वे बिलाशिवाय निघाला, तर माल व वाहन अडवले जाऊ शकते आणि मालक पुढे आला तरी कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या प्रवेशाला सर्वांनाच पासवर्डसोबत ओटीपी सक्तीचा झाला आहे. नोंदवलेला मोबाइल मुनीमजींच्या खिशात आणि मुनीमजी गावाला, म्हणजे गाडी गोदामापुढेच उभी. यावर इलाज त्याच व्यवस्थेत आहे. माणसागणिक उपवापरकर्ता तयार करावा; त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. एकच पासवर्ड दुकानभर फिरवण्याची गरज राहत नाही.

आता आपल्यापैकी काही जण किरकोळ दुकानदारांकडून ऑर्डर घेण्यासाठी स्वतःचे ॲप बनवून घेतात. बनवणाऱ्याला पुढील गोष्टी आधीच सांगाव्यात.

पहिली, एका कामाला एकच शब्द. एका पानावर 'लॉग-इन', दुसऱ्यावर 'साइन इन', तिसऱ्यावर 'प्रवेश' असे नको. जुने खाते उघडणे आणि नवे खाते काढणे यांची बटणे स्पष्ट वेगळी हवीत. 'साइन इन' आणि 'साइन अप' शेजारी ठेवले की गिऱ्हाईक हमखास गोंधळते.

दुसरी, चौकटीवर नेमके लिहावे. नुसते 'आयडी' नको, 'नोंदवलेला मोबाइल क्रमांक' असे हवे. ओटीपी कोणत्या क्रमांकावर गेला त्याचे शेवटचे आकडे आणि तो किती मिनिटे चालेल, हेही दाखवावे.

तिसरी, चुकीचा संदेश वाट दाखवणारा असावा. 'नाव किंवा पासवर्ड चुकला' एवढेच सांगणे योग्य असते, कारण 'नाव बरोबर, पासवर्ड चूक' असे सांगितले तर चोराला अर्धी किल्ली मिळते. पण त्याखाली 'पासवर्ड नवा करा' हे बटण हवेच.

चौथी, पासवर्ड चिकटवण्याची आणि टाकलेला पाहण्याची सोय असावी. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ सालीच चिकटवण्याला मुभा देण्याची शिफारस केली. वेबच्या सुलभतेचे २०२३ चे नियमही हेच सांगतात की, आत जाण्यासाठी माणसाच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नये.

शब्दांची एकवाक्यता फसवणुकीपासूनही वाचवते. खरी पाटी रोज एकसारखी दिसली तर खोटी चटकन नजरेत भरते. यूपीआयचे पाहा: पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. 'पैसे जमा करण्यासाठी पिन टाका' असे कोणी म्हटले, तर ते दार आपले नव्हे.

तोवर सरकारी दारांसाठी एक वहीचे पान करावे. खात्याचे नाव, तिथे ओळख म्हणून काय लागते, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, असे तीन रकाने. पासवर्ड त्यात लिहू नये. मुनीमजी बदलले किंवा मोबाइल क्रमांक बदलला, की त्याच दिवशी ते पान आणि खात्यातली नोंद, दोन्ही दुरुस्त करावीत.