संगणकाचा मोठा कूलर बसविताना

आपल्या जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याचे खनिज निघते. तांबे उष्णता त्वरित वाहून नेते. म्हणून मोठ्या कूलरच्या नळ्या तांब्याच्या असतात. त्या प्रोसेसरची उष्णता ॲल्युमिनियमच्या पात्यांपर्यंत नेतात व पंखा ती उडवितो.

प्रथम पेटीत कूलरची उंची मावते की नाही, हे मोजावे. कूलर किलोभर वजनाचाही असतो. सबब मदरबोर्डच्या पाठीमागे आधारपट्टी लावावी. कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढावा. प्रोसेसरवर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट घालावी. उष्णता अडविणाऱ्या हवेच्या सूक्ष्म फटी तिने भरतात. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत.

पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीतील हवेहून थंड करू शकत नाही. बालाघाटच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर जातो, तेव्हा बसवणीतील हयगय महागात पडते, हे ध्यानी असावे.