मागच्या रांगेचा हक्क

कचेरीच्या पायऱ्यांवर निरोपसमारंभाचा ग्रुप फोटो काढावयाचा असतो, तेव्हा प्रत्येकाची जागा हुद्द्यानुसार मुक्रर होते. मधल्या खुर्चीवर साहेब, दुतर्फा वरिष्ठ मंडळी, पाठीशी उभे कारकून आणि सर्वांच्या मागे बाकावर चढलेले शिपाई. भिंगाला मात्र हुद्दा कळत नाही, केवळ अंतर कळते. म्हणून साहेबांवर फोकस साधून भिंग पुरते उघडे ठेवले, की बाकावरचे चेहरे धूसर उमटलेच म्हणून समजावे.

वस्तुतः भिंग काटेकोर स्पष्टता देते ती एकाच प्रतलावर; त्याच्या मागेपुढे जो पट्टा आपल्या डोळ्यांस स्पष्ट भासतो, त्याची खोली छिद्र लहान केल्याने वाढते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यास ५० मिलिमीटरचे भिंग लावून ४ मीटरवर फोकस धरला, तर एफ २ ला हा पट्टा जेमतेम पाऊण मीटरचा असतो. तेच एफ ८ ला तो पुढे सुमारे १ आणि मागे सुमारे २.५ मीटर पसरतो. पुढच्यापेक्षा मागची बाजू अशी उदार असल्यामुळेच, चार रांगा असल्यास फोकस पहिल्या रांगेवर न धरता दुसऱ्या रांगेतील चेहऱ्यावर धरणे श्रेयस्कर. तेवढ्यानेही न भागल्यास कॅमेरा मागे न्यावा. अंतर दुप्पट झाले, की पट्ट्याची खोली चौपटीहून कमी वाढत नाही.

रांग चंद्रकोरीसारखी वळविण्याचा प्रघात मात्र तपासून घ्यावा. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत निघालेला सर्कट कॅमेरा स्वतःभोवती फिरत फिरत लांबलचक चित्र घेई, त्यामुळे त्याच्यापुढे कमानीत उभे राहणे रास्तच होते; साध्या कॅमेऱ्याचे स्पष्ट प्रतल बहुतांशी सपाट असल्याने, कोर वळविली की टोकाची माणसे त्याच्या अलीकडे येतात. येथे सरळ आणि कॅमेऱ्याशी समांतर रांगच उत्तम. रांगांतील अंतर तेवढे कमी करावे, आणि मागच्यांना उंचीसाठी पायरी द्यावी, मागे सरकू देऊ नये.

छिद्र लहान केले की प्रकाश घटतो, आणि शटर मंदावले तर कुणाची तरी मान हललेली उमटते. सबब १/१२५ सेकंदाच्या खाली शक्यतो जाऊ नये, उजेड अपुरा असल्यास फिल्मची वा कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवावी. कॅमेरा डिजिटल असेल, तर मंडळी पांगण्यापूर्वी पडद्यावर चित्र मोठे करून प्रथम साहेबांचा नव्हे, शेवटच्या रांगेतील कोपऱ्यावरच्या शिपायाचा चेहरा पाहावा; तो स्वच्छ असेल, तर बाकीच्यांची चिंता सहसा उरत नाही.