घरून रेकॉर्डिंग करताय? मोठ्या ऑडिओ फाइल अशा पाठवा 🎧

मुलुंड-बोरिवलीत घरी वाजवून अंधेरीच्या स्टुडिओत ट्रॅक धाडणाऱ्या दोस्तांनो, हे जपून ठेवा!

२४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झची स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १७ एमबी भरते. पाच मिनिटांचं गाणं ८६ एमबी. जीमेलची मर्यादा मात्र २५.

▪️ व्हॉट्सॲप: ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत फाइल जाते.
▪️ गूगल ड्राइव्ह: १५ जीबी मोफत (जीमेल, फोटो धरून). फोल्डरची लिंक द्या.
▪️ फ्लॅक: आकार बराच घटतो, आवाजातलं काहीच हरवत नाही. एमपी३ फक्त नमुना ऐकवायला.

सगळे ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून एक्स्पोर्ट करा, फाइलच्या नावात टेम्पो लिहा. मग तुमची ढोलकी तिकडे बरोबर समेवर येईल!