म्हशीच्या पाठीवरची वही

प्रवास, बदली, घरातलं आजारपण. टेबल सुटलं की बहुतेकांचं लिहिणंही सुटतं. माझं असं झालं की मी आनंद यादवांची ‘झोंबी’ उघडतो. या आत्मचरित्रात्मक कादंबरीतला कागलचा मुलगा लिहायला लागतो तो पाण्याच्या पाटाशी आणि म्हशींच्या मागे. यादवांच्या पुढच्या सगळ्या लेखनाकडे मागे वळून पाहिलं, तर त्याची मुळं मला त्याच मळ्यात दिसतात.

यादवांचा जन्म १९३५चा. कागल म्हणजे दूधगंगेच्या खोऱ्यातलं, घाटग्यांच्या जहागिरीचं गाव. ऊस, गुऱ्हाळं, म्हशी. वडिलांनी पोराला शाळेतून काढून मळ्याच्या कामाला जुंपलेलं. आई आणि मुलगा दोघं गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर गेले, तिथं गाऱ्हाणं घातलं आणि देसायांनी वडिलांना बोलावून चांगलं खडसावलं. शाळा पुन्हा सुरू झाली, पण अटींवर. दिवस उगवताच मळ्यात हजर व्हायचं, अकरापर्यंत पिकाला पाणी पाजायचं, मग शाळा. शाळा सुटल्यावर तासभर म्हशी राखायच्या. कामाची घाई असेल त्या दिवशी शाळेला सुट्टी. या वेळापत्रकात निवांत बसून लिहायला फट कुठली?

फट सापडली ती कामातच. शाळेत न. वा. सौंदलगेकर नावाचे मास्तर मराठी शिकवायचे. ते स्वतः कविता करायचे, वर्गात चालीवर, हातवारे करून म्हणायचे. भा. रा. तांबे, यशवंत, बोरकर यांच्या भेटींच्या आठवणी सांगायचे. त्यांनी स्वतःच्या दारातल्या मालतीच्या वेलावर कविता केली होती. तो वेल मुलानं पाहिलेला आणि कविताही वाचलेली. कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो आणि दारातल्या वेलावर कविता होऊ शकते, तर आपल्या मळ्यावर का नाही, हे त्याला तिथं उमगलं.

मग पाणी पाजताना तो मोठ्यानं कविता म्हणू लागला, त्यांना स्वतःच्या चाली लावू लागला. पूर्वी मळ्यातलं एकटेपण त्याला खायला उठायचं. आता तेच हवंसं झालं, कारण आसपास कुणी नसलं तरच खुल्या आवाजात गाता येतं, अभिनय करता येतो, थुई थुई नाचता येतं. मला ‘झोंबी’तला हा भाग फार मोलाचा वाटतो. परिस्थिती तसूभरही बदललेली नव्हती, कष्ट तेवढेच होते. पण त्या कष्टाच्या तासांना दुसरं काम मिळालं होतं.

पिकांवर, रानफुलांवर त्याच्या कविता जुळू लागल्या. खिशात कागद-पेन्सिल असायची. नसेल तेव्हा काटकीनं म्हशीच्या पाठीवर रेघा ओढून ओळ लिहायची, नाहीतर खड्यानं दगडाच्या शिळेवर. पाठ झाली की पुसून टाकायची. रविवारी एखादी कविता जमली की सोमवारी मास्तरांना दाखवायची, आणि तेवढाही धीर निघाला नाही तर रात्रीच त्यांचं घर गाठायचं. मास्तर शाबासकी देत, मग भाषा, वृत्त, अलंकार, शुद्धलेखन यांवर बोलत, वाचायला कवितासंग्रह देत. रोजच्या लिहिण्याचा हा आधार आपण फार कमी लेखतो. दोन ओळी घेऊन कुणाच्या तरी दारी जायचं आहे, या ओढीनं हात चालता राहतो.

खानदेशात बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात अशाच ओव्या रचत होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरातल्या माणसांनी त्या उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. कागलच्या मुलाला मात्र आठवण आणि अक्षर दोन्ही स्वतःच सांभाळावं लागलं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. १९६० साली ‘हिरवे जग’ हा कवितासंग्रह आला, १९७१ साली ‘गोतावळा’ ही कादंबरी. यादव शिक्षणासाठी आणि मग प्राध्यापकीसाठी कागलबाहेर पडले, पुण्यात स्थिरावले. टेबल मिळालं, तरी लेखणी मळ्याची बोली विसरली नाही. ‘गोतावळा’त यंत्र आल्यावर जनावरांपासून तुटणारा माणूस ज्या भाषेत बोलतो, ती पाठांतरातून अंगात मुरलेली भाषा आहे. ‘झोंबी’ १९८७ साली पु. ल. देशपांड्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, १९९० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नंतर ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ आल्या. २०१६च्या नोव्हेंबरात पुण्यात यादव गेले.

आज कागलला पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे, महामार्ग आहे. शाळा सांभाळून गोठ्यात आणि रानात राबणारी मुलं मात्र कागल, मुरगूड, कापशीकडच्या गावांत अजूनही आहेत. त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: एखादं पोर सोमवारी चुरगळलेला कागद घेऊन आलं, तर तो त्याच दिवशी वाचा आणि त्याच्याशी त्यावर बोला.